कार्डावरचं जेवण आणि गोपिकेची सोयरीक

वीज केंद्र वसाहत, कोराडी
२० नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप कुसुमताईस धाकट्या चंपतचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काटोलच्या थंडीत जपून राहा. भाऊजींचा खोकला थांबला असेलच. इकडे अंगणात राख आणि घरात मी, तुझी भावजय जयवंता आणि आमची लेक गोपिका, सगळे मजेत आहोत.

ताई, तुझ्या भावाच्या खिशात आता बँकेचं क्रेडिट कार्ड असतं. खिशात पैसे नसताना दुकानात जायचं, हे कार्ड दाखवायचं आणि वस्तू घेऊन निघायचं. दुकानदाराला पैसे बँक देते, बँकेला आपण महिन्याने देतो. यात दोन जाती आहेत. एकीत बिल आलं की सगळे पैसे एकदम भरावे लागतात. दुसरीत थोडे भरून बाकीचे पुढे ढकलता येतात. मी अर्थातच दुसरं घेतलं (जयवंता म्हणाली, पहिलं घ्या, पण तिला व्यवहारातलं काय कळतं?). वर्षाची फी शंभर रुपये. सोबत बारीक अक्षरांचं एक माहितीपत्रक होतं, ते मी गोपिकेला देऊन टाकलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला तसलं वाचायची सवय आहे.

नऊ तारखेच्या रविवारी कळमन्याचे धान्याचे अडते देवराव आणि त्यांच्या सौभाग्यवती तुळसाबाई गोपिकेला पाहायला आले. (मुलगा पुण्याला नोकरीत आहे, त्याला रजा मिळाली नाही. फोटोवरून बरा वाटतो.) जयवंता घरीच स्वयंपाक करणार होती. पण एवढ्या मोठ्या अडत्यावर छाप पाडायची, तर वांग्याच्या भाजीने कशी पडणार? मी सगळ्यांना नागपूरला, सदरमधल्या एका झकास हॉटेलात नेलं. जेवण उत्तम झालं. बिल आलं एकशे सत्त्याऐंशी रुपये. मी पाकीट न उघडता, नुसतं कार्ड बशीत ठेवलं. देवराव पाहतच राहिले.

मॅनेजरने एक पुस्तिका काढून माझा नंबर चोरीच्या कार्डांच्या यादीत शोधला (हा त्यांचा नियम आहे, मी मनाला लावून घेतलं नाही). नंबर काही सापडला नाही. मग तो म्हणाला, दीडशेच्या वर बिल असलं तर बँकेच्या मुंबईच्या कचेरीला विचारावं लागतं. ट्रंक कॉल लावला. पाऊण तासाने लागला. पलीकडे घंटा वाजत राहिली, रविवार असल्यामुळे कोणी उचलेना.

“जेवलो आपण, पैसे देणार तुम्ही,” देवराव म्हणाले, “मंग मुंबईले काहून विचारून राहिले हे?”

माझ्या खिशात अकरा रुपये होते. तुळसाबाईंनी तिसऱ्यांदा बडीशेप घेतली. जयवंता माझ्याकडे बघत नव्हती, यावरून काय ते समज.

तेवढ्यात गोपिकेने पर्समधून ते माहितीपत्रक काढलं आणि मॅनेजरला शांतपणे म्हणाली, “दीडशे कार्डावर घ्या, वरचे सदतीस रोख घ्या. मग मुंबईला विचारायला नको.” आणि स्वतःच्या पगारातले सदतीस रुपये तिने मोजून दिले. मॅनेजरने डोकं खाजवलं, कार्ड यंत्रात ठेवलं, कार्बनचा कागद घातला आणि वरून दांडा खर्रकन ओढला. मी ऐटीत सही केली.

देवराव उठेनात. “पोरी, याच्यात बँकेले काय भेटते?”

गोपिका म्हणाली, “हॉटेलकडून शेकड्याला काही रुपये कापते. गिऱ्हाइकाकडून वर्षाची फी घेते. पैसे पुढे ढकलले तर महिन्याला अडीच टक्के, म्हणजे वर्षाचे तीस. तारीख चुकली तर दंड वेगळा.”

“दोन्हीकडून घेते? अन् बाजारात पोतंही उचलत नाही?” देवराव थक्क झाले. “हे त आमच्याहून मोठी अडत झाली!”

तुळसाबाई जयवंतेला म्हणाल्या, “पोरगी पसंत आहे वं बाई. आमच्या घरचे माणसं सही करतात अन् मंग वाचतात.”

आता तूच सांग, मी कार्ड घेतलं नसतं तर हा योग आला असता का? माझं गणित पहिल्यापासून बरोबर होतं.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
चंपत

ता.क. : गोपिकेसाठी गांधीबागेतून साखरपुड्याची साडी आणली. तिथे कार्ड कोणी ओळखत नाही, म्हणून बँकेतून कार्डावर तीनशे रुपये रोख उचलले. रोख उचललं तर फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तरी तीनशे वीस रुपये मनीऑर्डरने महिनाअखेरच्या आत पाठव. जयवंतेला कळवू नकोस.

ता.क. दुसरा : आत्या, पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं. पैसे पाठवू नकोस, मी काल बँकेत भरून आले. आणि पसंती त्यांच्याकडची झाली आहे, माझी अजून व्हायची आहे. मुलाचं पत्र आलं. तोही कार्ड घेणार आहे म्हणतो. कोणतं, ते मी विचारलं आहे. सगळे पैसे एकदम भरायचं कार्ड घेणार असेल, तरच ती साडी नेसेन. — गोपिका