धोंडिबाच्या पोरीचं रान

१२ जानेवारी २०२५

घेणार! साडेतीन एकर. सीताफळी, पळस, धावडा, मधून ओढा. फुलंब्रीच्या पुढं, माहेरच्या गावाला लागून. बत्तीस वर्षं वॉर्डात 'सिस्टर, सिस्टर' ऐकलं. आता कुणी हाक मारणार नाही अशी जागा हवी.

मालक आप्पासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "धोंडिबाची पोरगी ना तू? तुझा बाप याच रानात आमच्या शिकारीला हाका घालायचा, जनावरं उठवायचा." हो, घालायचा — अनवाणी! डुकरानं मांडी फाडली होती त्याची. मटणाच्या वाटणीत खूर मिळाले. म्हणून हेच रान हवं. हे त्यांना बोलले नाही.

१४ जानेवारी

दुसरं गिऱ्हाईक आहे. इंद्रजीत, शहरातला. बंदूक आहे. फार्महाऊस बांधणार, ससे-डुकरं मारणार. म्हटलं, शिकारीला बंदी आहे. हसला. "मॅडम, अपने जंगल में कौन देखता है?" मी बघते ना!

आप्पासाहेब म्हणाले, शेतकरी दाखला जो आधी आणेल त्याला खरेदीखत.

१५ जानेवारी

दाखल्याला स्वतःच्या नावावर शेती लागते. माझ्या नावावर काय? गारखेड्यातला फ्लॅट आणि कोरफडीची कुंडी.

बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी अभयदादानं स्टँप पेपर पुढं केला होता. हक्कसोड, बाबांच्या जमिनीवरचा. गावात सगळ्याच बहिणी करून देतात, वर हसतात. मीही सही केली. मूर्ख! आई समोर बसून बघत होती, एक शब्द बोलली नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या घरी गेले नाही, आईशीही फोनवर कामापुरतंच.

१७ जानेवारी

दादाला फोन केला. म्हटलं, पीक तुझं, पैसा तुझा, मला फक्त सातबाऱ्यावर नाव लावून दे. "लई वकिली शिकलीस व्हय? लोक काय म्हनतील, भैनीनं वाटनी मागितली?" म्हणू देत! "बाईमानसानं त्या रानात एकटं करायचं काय?"

काही नाही करायचं! त्यासाठीच तर घेतेय. कोर्टात भेटू म्हटलं आणि फोन ठेवला. बरं वाटलं.

१८ जानेवारी

गुलमंडीतून मच्छरदाणी आणली. रानाचा पत्ता नाही आणि मच्छरदाणी! असू दे.

२० जानेवारी

सकाळी आईचा फोन. "कोर्टात नको जाऊ. त्यो कागद म्या त्याच दिशी चुलीत घातला. तुझं नाव हाय तिथंच हाय. अभ्याला ठावं हाय, पन त्यो सांगंल व्हय?"

मोबाइलवर सातबारा काढला. आहे. दादाच्या खाली, विशाखा धोंडिबा.

परत फोन लावला. म्हटलं, आई, अकरा वर्षं सांगितलं का नाहीस?

"तू इचारलंस कवा? फोन ठिवायचीच घाई तुला."