अर्धी साक्ष

१० मार्च, मंगळवार

सांगितलं आज काजवालीला. शेवटी सांगितलंच.

काज-बटणाच्या मशीनवर बसते म्हणून सगळ्या तिला काजवालीच म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसली होती. जीभ चावलेली दिसली. मी ओळखलं – ज्याचं जळतं त्याला कळतं. "फिट येते का गं?" विचारलं तर रडायलाच लागली. चार वर्षं झाली म्हणे. मुकादमाला कळलं तर मशीनवरून उठवेल, म्हणून कुणाला बोलली नाही.

मग मी माझं सांगितलं. मलाही यायची, भर रस्त्यात पडायचे. आमच्या चर्चच्या मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि तेव्हापासून नऊ वर्षांत एकदाही नाही.

"एकदासुद्धा नाही, ताई?"

"एकदासुद्धा नाही. प्रभूनं हात धरला."

उपासनेत ही साक्ष अकरा वेळा दिलीय. बाहेरच्या माणसाला आज पहिल्यांदा. घरी येताना अंगात वेगळंच बळ होतं.

११ मार्च, बुधवार

काजवाली रविवारी उपासनेला येते म्हणाली!

१३ मार्च, शुक्रवार

"ताई, गोळ्या बंद केल्या मी. मंगळवारपासून." कानाशी येऊन सांगितलं, पोटात आनंद मावत नसल्यासारखं. "तुमच्यासारखं."

माझ्या हातात कात्री होती. कापड वाकडं गेलं. "अगं, थांब –" म्हणेपर्यंत मुकादम आला आणि ती जागेवर गेली. सुटल्यावर शोधलं तर निघून गेलेली. फोन लावला, बंद.

इथे तरी खरं लिहिते. मी रोज दोन गोळ्या घेते. सकाळी एक, संध्याकाळी एक. नऊ वर्षं. प्रार्थना झाली हे खरं, फिट थांबली हेही खरं. मधली गोळी तेवढी मी कधी सांगितली नाही. पहिल्या वेळी बोलण्याच्या भरात राहून गेली. दुसऱ्या वेळी वाटलं, आता सांगितलं तर लोक म्हणतील, मागच्या वेळी का नाही बोललीस? मग साक्ष तशीच झाली. लोक डोळे पुसायचे. मला ते आवडायचं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू काही तिला गोळ्या सोड म्हणाली नाहीस ना? मग झालं तर."

झालं कसं?

१४ मार्च, शनिवार

काजवाली कामावर आली नाही. तिच्या खोलीवर गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, सासूला घेऊन नणंदेकडे गेलीय, उद्या येईल. फोन अजून बंद.

चार दिवस झाले तिला गोळीशिवाय.

तिथून थेट पाळकसाहेबांकडे. सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी अकरा वेळा तुला उभं केलं, आणि तू अकराही वेळा –" वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "ती येणार आहे ना उद्या? आधी तिला सांग. मंडळीला सांगायचं की नाही, ते तू आणि प्रभू."

त्यांच्या पत्नी, पाळकबाई, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कप ठेवला तो आदळलाच. "लोक तुझ्या साक्षीवर तगून आहेत, बाई. तोंड उघडण्याआधी विचार कर."

चहा तसाच ठेवून आले.

१५ मार्च, रविवार

 

तिसरं गीत चालू असताना ती आली, सासूला घेऊन. मागच्या बाकावर बसली. मी उठून मागे जाणार, तेवढ्यात साहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मी उभी होतेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वाटलं होतं, तिला बाहेर नेऊन हळूच सांगावं. माझी अब्रू राहील. पण खोटं चारचौघांत बोलले आणि खरं कोपऱ्यात बोलायचं? पुढे गेले.

"माझी साक्ष अर्धी होती," म्हणाले. "मी गोळ्या घेते. आज सकाळीही घेतली. प्रभूनं मला सांभाळलं, ते डॉक्टरांच्या हातून. हे मी तुमच्यापासून लपवलं."

कुणी आमेन म्हटलं नाही. काजवाली उठली, सासूचा हात धरला आणि बाहेर पडली. मी मागोमाग धावले, फाटकाशी गाठलं.

"ताई, मला मंगळवारीच का नाही सांगितलंत?" आवाज चढवला नाही तिनं. "पाच दिवस मला वाटलं, मी सुटले."

"चुकले मी. गोळी घे आधी. आहे का जवळ?"

"घरी –" म्हणाली, आणि कोसळली.

कुशीवर वळवलं. माझी पिशवी डोक्याखाली सरकवली. सासू तिच्या दातांत किल्ली घालायला बघत होती, तिचा हात धरला. "तोंडात काही नको, मावशी. काही नको." घड्याळ बघत बसले. अडीच मिनिटं. मी स्वतः इतक्यांदा पडले असेन, पण बाहेरून कधी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, असं एकदम औषध तोडलं की व्हायचंच. गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

सासू निघताना म्हणाली, "तुमच्या देवानं पाडलं की उचललं, तेच कळेना बाई."



१७ मार्च, मंगळवार

काजवाली कामावर आली. तिला विचारून मुकादमाला सगळं सांगितलं. तिचंही, माझंही. तो डोकं खाजवत राहिला. "नऊ वर्षं कात्री चालवतेस आणि आज सांगतेस?" दोघींना घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. काढलं नाही, एवढंच.

१९ मार्च, गुरुवार

मंडळीतलं कुणी धड बोलत नाही. भाजी घेताना पेटी वाजवणारे काका समोरून आले, बघून न बघितल्यासारखं केलं. हे म्हणतात, "हौस फिटली?"

काजवालीही कामापुरतंच बोलते. शेजारी बसून घड्या घालते. आज जेवताना म्हणाली, "गोळी घेतली, ताई. तुम्ही विचारत नाही म्हणून सांगते." विचारायचं मला धाडसच होत नव्हतं.

२१ मार्च, शनिवार

दुपारी पाळकबाई आल्या. एकट्याच. वाटलं, आता बोलणी खायची. पण त्या बसल्याच नाहीत. दार लोटलं, माझा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला ठेवला. लिंबाएवढी गाठ हाताला लागली.

"वर्ष झालं. साहेबांना माहीत नाही. तू झालीस तशीच मीही बरी होईन म्हणून –"

सोमवारी सकाळचा डॉक्टरांकडचा पहिला नंबर लावलाय. मी सोबत जातेय.