ढोलाच्या जागेवर

१२ जानेवारी १९८८, मंगळवार

पडलो. दोघंही पडलो! पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाजवळ म्हैस आडवी आली. ब्रेक मारला, डावा पाय टेकवला, पाय टिकलाच नाही. मोटारसायकल माझ्या अंगावर, मागे बसलेली बायको, द्रौपदा, रस्त्यावर, आणि म्हैस जागच्या जागी — रवंथ करत! मला नुसतं खरचटलं. द्रौपदाच्या डाव्या मनगटाला प्लास्टर.

सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या नोकरीत म्हशींना सुया टोचल्या. यावल-फैजपूरकडचा एक गोठा सोडला नाही. शेजारच्या भिकुबाई म्हणतात, "आबा, एकीनं सगळ्यांचं वसूल केलं!" गल्ली हसली. द्रौपदाही हसली, प्लास्टरसकट. मला काही हसू आलं नाही.

१४ जानेवारी

द्रौपदा म्हणाली, "आता मी तुमच्या मागे बसणार नाही." म्हटलं, हात बरा होऊ दे, मग बघू. तर म्हणते, "हात बरा झाला तरी नाही. मेले तरी नाही." भिकुबाईंनी दिलेला तीळगूळ तोंडात होता तिच्या. तो तोंडात ठेवून असं बोलली!

१७ जानेवारी, रविवार

वाल्मीक भुसावळहून आला. आईचा हात बघितला, मग माझ्याकडे वळला. "बाबा, गाडी विकून टाका. वय झालं." एकसष्ट हे काय वय आहे? मी म्हटलं, बैल म्हातारा झाला की तुम्ही लोक त्याला दाव्याला बांधून ठेवता. तर म्हणतो, "बांधत नाहीत बाबा, विकतात." माझाच मुलगा! जिभेला हाड नाही — ते मात्र माझ्यावर गेलंय.

३० जानेवारी

एकटाच बाजारात गेलो. मागे कोणी नाही म्हटल्यावर गाडी हलकी लागते. मला ते अजिबात आवडत नाही. तीस वर्षं खांद्यावर तिचा हात होता, आता खांदा मोकळा. परत येताना बघतो तर द्रौपदा रिक्षातून उतरतेय! रिक्षावाला विशीतला, कानात बाळी, रिक्षा उडवत आणणारा. त्याच्या मागे बसायला भीती नाही वाटत. माझ्या मागे वाटते!

३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, डाव्या गुडघ्याची वाटी झिजली. गाडी थांबली की हा पाय तुम्हाला दगा देणार. "पाय टेकावाच लागणार नाही अशी गाडी बघा," असं हसत हसत बोलले. ते हसले, पण माझ्या डोक्यात घुसलं.

पाय टेकावा लागत नाही अशी गाडी म्हणजे तीन चाकांची! तोल सांभाळायचा नाही, पडायचं नाही. मग द्रौपदाला नाही म्हणायला तोंड राहणार नाही.

६ फेब्रुवारी

भटूला सांगितलं. भटू माझा जुना दोस्त, एसटीत ड्रायव्हर होता. पाच मिनिटं डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, "रिक्षा घे."

म्हटलं, गाढवा!

"का? तीन चाकं. वर टप. वहिनी मागे बसतील, रिक्षात बसतातच." मी चहा न पिता उठलो.

९ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आलो. मागे दोन बाजूंना दोन छोटी चाकं लावलेली स्कूटर दाखवली. पोरं चालायला शिकतात त्या पांगुळगाड्यासारखी. विकणाऱ्या पोराने विचारलं, "काका, सर्टिफिकेट आहे का?" कशाचं, तर अपंगाचं! उठलो तो तडक बाहेर. पायरीवर गुडघा लचकला. पण मागे वळून बघितलं नाही, कारण तो बघत असणार.

१३ फेब्रुवारी

आज साइडकारवाली स्कूटर बघितली. डबा चांगला, पण चढावर स्कूटर इतकी धापा टाकायला लागली की मलाच उतरून ढकलावंसं वाटलं. शिवाय मी मोटारसायकलवाला माणूस. स्कूटरवर गुडघे जुळवून बसायचं, जसं काही मुलगी बघायला आलोय!

घरी द्रौपदा म्हणाली, "तीन चाकं, चार चाकं, काही आणा. मी बसणार नाही ते नाही." भाकरी थापत होती. प्लास्टर निघाल्यापासून जरा जोरातच थापते.

२१ फेब्रुवारी, रविवार

मिळाली! धुळ्याला, देवपुरात!

भटूला कोणीतरी सांगितलं होतं, झुलाल बँडवाल्याकडे साइडकारची बुलेट आहे. एसटीने गेलो. झुलाल म्हणजे दोन माणसं एकात बसवल्यासारखा देह. अंगणात गाडी उभी. हिरवी. डावीकडे भलामोठा डबा, त्यावर लाल अक्षरांत — झुलाल ब्रास पार्टी, देवपूर. डब्यात मोठा ढोल बसायचा म्हणे. लग्नाला निघाले की पुढे ढोल, मागे पार्टी. आता पार्टीने टेम्पो घेतला, ढोल टेम्पोत गेला, गाडी रिकामी.

"भाऊ, हाई गाडी नही, हत्ती शे हत्ती!" झुलाल म्हणाला.

हत्तीवर बसलो. किक मारली. आवाज असा की पांझरा नदीपलीकडे गेला असेल. तीस वर्षांचा हात, मला काय शिकवायचंय? निघालो. वळण आलं, सवयीने अंग कलतं केलं. गाडी कलेना! दोन चाकांची गाडी अंग झुकवलं की आपसूक वळते. ही बया सरळच्या सरळ. समोर दोरीवर बँडचे लाल कोट वाळत होते. त्यांत शिरलो. पलीकडून निघालो तेव्हा एक कोट माझ्या गळ्यात होता, पितळी बटणांसकट.

झुलाल ओरडत होता, "भाऊ, आंग नका वाकाडा! हँडल फिरावा, हँडल!" भटू खाली बसून हसत होता. रिटायर ड्रायव्हर म्हणे!

पण थांबलो तेव्हा पाय टेकवावा लागला नाही. गाडी आपली आपण उभी. मी वर बसलेला, दोन्ही पाय वर! त्याच क्षणी माझं ठरलं. किंमत इथे लिहीत नाही. द्रौपदा ही वही उघडत नाही, पण बायकांचा काय भरवसा.

२८ फेब्रुवारी, रविवार

गाडी आणली. देवपुरातून निघताना झुलाल लिंबं घेऊन आला. चाकाखाली ठेवतात ना, ती. मी म्हटलं, बाबा, आम्ही बौद्ध. नारळ नाही, लिंबू नाही. तो ऐकेना. बरं, आणलेली दोनच, सवयीने! मग तिसऱ्या चाकाला लिंबू लागतं की नाही यावर त्याचा आणि त्याच्या क्लॅरनेटवाल्याचा वाद जुंपला. शेवटी मी म्हटलं, ती दोन इकडे दे आणि सरबत कर. केलं. सगळे प्यालो. ऊन कडक होतं, बरं वाटलं.

निघताना एक गोष्ट मात्र त्याने बजावून सांगितली, "डाबा रिकामा नका ठेवा. डावीकडे वळताना उचलास." वजन नसलं तर डब्याचं चाक उचलतं आणि गाडी उलटते. येताना भटू डब्यात होता, वजनाला कमी नाही.

पारोळ्याला चहाला थांबलो तर एक माणूस धावत आला. "ब्रास पार्टी ना? अखाजीच्या दुसऱ्या दिवशी पोरीचं लग्न आहे. नाचायला येईल असं वाजवता ना?" मी म्हणालो, मी रिटायर आहे. तर म्हणतो, "मग हे काय वाजवतात?" — भटूकडे बोट! भटूने अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख लिहून घेतली आणि झुलालला कळवतो म्हणाला. चहाचे पैसे त्या माणसाने दिले.

घरी पोहोचलो, गल्ली गोळा झाली. द्रौपदा दारात. मी डबा पुसला, गादी ठेवली. म्हटलं, बस.

तिने लाल अक्षरं वाचली. सावकाश, एकेक. मग म्हणाली, "ढोलाच्या जागेवर मी बसू?"

आत गेली. भिकुबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

१ मार्च

अक्षरांवर हिरवा रंग मारला. आतून लाल दिसतंच.

४ मार्च

डबा रिकामा ठेवायचा नाही, बायको बसायची नाही. काय करणार? मेहुण्याने गावाहून दादर ज्वारीचं पोतं पाठवलंय, ते उचलून डब्यात ठेवलं. दोरीने बांधलं. आता जिथे जाईन तिथे ज्वारी बरोबर. भाजी आणायला ज्वारी, पेन्शनला ज्वारी. आज चौकात एकाने विचारलं, "आबा, आज दादरला कुठे नेलं होतं?"

म्हटलं, तुझ्या सासरी!

पण खरं सांगायचं तर वाईट वाटतं. एवढ्या लांबून, एवढं करून आणली ती काय ज्वारी मिरवायला?

२० मार्च

ऊन तापायला लागलं. गाडी आता हातात बसली. अंग झुकत नाही. द्रौपदाशी बोलणं कामापुरतं. काल तिला भाजीची पिशवी घेऊन चालत येताना बघितलं, गाडी शेजारी नेली, सावकाश चालवली. म्हटलं, पिशवी तरी ठेव. पिशवी ठेवली! पोत्यावर. आणि स्वतः चालत राहिली. पिशवी आणि मी बरोबर चाललेलो, आणि ती शेजारून पायी. लोक बघत होते.

२ एप्रिल, शनिवार

मेलो असतो.

मैदानाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळलो, रोजचं वळण, आणि डबा वर उचलला! चाक हवेत. मी ओरडलो की काय कोण जाणे. हँडल सोडलं असतं तर संपलं होतं. कसंबसं सरळ केलं, डबा धाडकन खाली आला. पोतं बघितलं — निम्मं! वरचं तोंड नीट बांधलेलं, आतलं धान्य गायब.

घरी आलो. म्हटलं, पोत्यातली दादर कोणी नेली?

द्रौपदा म्हणाली, "मी. रोज दळणाला काढत होते. घरात दुसरं पोतं आहे कुठे? भाकरी कशाच्या खाता तुम्ही महिनाभर?"

म्हणजे मी रोज डब्याचं वजन खात होतो आणि डबा रोज हलका होत होता! मी काय झालं ते सांगितलं. सांगताना आवाज चढला माझा. ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. ती गप्प बसली की मला भीती वाटते, भांडली तर नाही वाटत.

३ एप्रिल

सकाळी बाहेर आलो तर द्रौपदा डब्यात बसलेली! ताठ. पोतं ओट्यावर. गादी झटकलेली.

म्हणाली, "दादर घरात लागते. पोत्यापेक्षा मी परवडते. चला."

किक मारली, लागली नाही. दुसरी मारली.

"पहिलीच घट्ट मारायची," डब्यातून आवाज आला.

५ एप्रिल

आता रोज बसते. रोज बोलते! मागे होती तेव्हा नुसती "सावकाश चालवा" एवढंच म्हणायची. आता सगळं दिसतं तिला. "सायकलवाला आला." "खड्डा." "एवढ्यात गिअर कशाला बदलला?" एसटीचा कंडक्टर परवडला. पण भाजी संपली की मुद्दाम लांबच्या बाजारात जाऊ म्हणते. मी काही बोलत नाही. खुशीत असलो की मला गप्प राहता येतं, हे आजच कळलं.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंतीच्या मिरवणुकीला गेलो. पांढरी साडी नेसून डब्यात बसली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "अक्का, एक चक्कर आम्हाला!" मग काय, एकेक करून सगळ्या गल्लीला चकरा. भिकुबाई बसल्या तेव्हा गाडी खरंच हत्तीसारखी चालली. मी घामाने निथळत होतो. द्रौपदा बाजूला उभी राहून नंबर लावत होती. वाल्मीक आला होता. बघून म्हणाला, "बाबा, विकू नका." एवढंच! पण मला पुरलं.

२० एप्रिल

गेले काही दिवस प्रश्न फार चाललेत. डाव्या हाताने काय दाबता? उजव्या पायाने काय करता? ब्रेक कुठला? मी आपला सांगत होतो, मला वाटलं आवड लागली. आज कळलं कशाची!

जेवताना म्हणाली, "मला सायकल आली नाही कारण तोल जायचा. हिला तोलच लागत नाही. मग मला का येणार नाही?"

हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, द्रौपदे, बायका बुलेट चालवत नाहीत!

"ढोलाच्या जागेवर तरी कुठे बसतात?"

म्हटलं, लायसन लागतं, पोलीस धरतात, लोक हसतात, हात आत्ताच बरा झालाय. सत्तर कारणं सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली. मी काही तिला हो म्हणणार नाही.

२४ एप्रिल, रविवार

आज ढोलाच्या जागेवर मी बसलो. किक मारून देणं एवढंच माझं काम. शाळेचं मोकळं मैदान, पहिला गिअर, बैलगाडीचा वेग. आणि मी दोन्ही हातांनी डब्याची कड घट्ट धरलेली! वळण आलं की पाय आपोआप ब्रेक शोधायचा. खाली नुसता पत्रा. सगळं दुसऱ्याच्या हातात, आणि आपण नुसतं बसायचं. तीस वर्षं ही बाई माझ्या मागे अशीच बसत आली. सावकाश चालवा म्हणायची, आणि मी हसायचो.

तिने गाडी थांबवली. "डोळ्यांत काय गेलं?"

धूळ, म्हणालो.

"मग चष्मा लावा," म्हणाली, आणि दुसरी चक्कर सुरू केली.