दोडक्याचा वेल

निरगुडसर, मे १९९८

अहो,

जयभीम. सप्रेम लिहायला हात धजत नाही.

तुम्ही भोसरीला गेलात, तेव्हा आत्याबाईंनी, तुमच्या आईंनी, परसात दोडका लावला. "कपिलला लई आवडतो," म्हणायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना हापशापर्यंत जाववत नाही. भर उन्हात हंडे आणून वेल मी जगवला.

मागल्या महिन्यात तुमचा मित्र प्रबुद्ध सांगून गेला, तुम्ही तिकडं दुसरं लग्न केलंय. मी रडत आत्याबाईंकडं गेले. दोडकं तोडता तोडता त्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. भावाकडं जाते म्हणून गेले, ती तुज्या सवतीच्या लग्नालाच. तुला सांगितलं असतं तर तू माहेरी गेली असतीस. मग माजं कोण केलं असतं?"

मी माहेरी गेले नाही. आता पाणी दोघींपुरतंच आणते. दुपारी त्यांची बाज परसदारी टाकते, वेल वाळताना दिसावा म्हणून. काल त्या आपला प्यायचा तांब्या घेऊन वेलाकडं निघाल्या. मी तो हातातून काढून घेतला.

"तहान लागली की मागा," म्हटलं.

तुमचा पत्ता त्यांनाच ठाऊक आहे. मी विचारणार नाही.

तुमची पहिली,
रत्ना