सहा अँटेनांचा राउटर

४ जानेवारी, रविवार
बंगलोरहून अनुश्रीचा व्हिडिओ कॉल. "बाबा, मला तुम्हाला एक…" एवढं बोलली आणि तोंड उघडं ठेवूनच थिजली. राउटरवर लाल दिवा. मी बंद-चालू करून राहिलो होतो, तेवढ्यात बायकोने, मंदाकिनीने, चपला घातल्या आणि समोरच्या शेखरकडे, त्याच्या नेटवर बोलायला, निघून गेली. पाऊण तासाने हसत परत आली. पोरीला सर्दी झाली आहे. हे शेखरला माहीत, जन्मदात्या बापाला नाही!
ठराव : पुढच्या रविवारच्या आत नवा राउटर. शेखरशी याचा काही संबंध नाही. मुद्दा फक्त स्टेबिलिटीचा आहे.

५ जानेवारी, सोमवार
सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये एकवीस वर्षं परचेस बघून राहिलो. भट्टीचे ब्लोअर निवडले, राउटर काय चीज आहे? लंच टाइममध्ये तुलनात्मक तक्ता केला. रकाने अकरा.
संध्याकाळी डबा परत करायच्या निमित्ताने शेखरकडे. त्याचा राउटर फ्रिजवर. धुळकट, दोन अँटेना, बाजूला लोणच्याची बरणी. मॉडेल विचारलं. म्हणाला, "मले काय माहीत, बाबाराव? डबा आहे, तीन वर्षांपासून चालून राहिला."
केवढा हा माज.

८ जानेवारी, गुरुवार
एकेचाळीस रिव्ह्यू वाचले. तक्त्यात जो पहिला आला त्याला तीनच अँटेना. तक्ता बाजूला ठेवला. अनुभवी माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.
शंकर नगरच्या दुकानात गेलो. दुकानदार विशाल म्हणाला, भैया, दो कमरे का घर है, छोटावाला ले जाओ, बस घर के बीचोंबीच ऊँचाई पे रखना. मी परचेसमध्ये आहे हे त्याला नम्रपणे सांगितलं.
सहा अँटेनांचा घेतला.

९ जानेवारी, शुक्रवार
स्वतः बसवला. मेकॅनिक बोलावला नाही. नेटवर्कचं नाव ठेवलं BABARAO NO 1. जागा : गल्लीकडच्या स्टोअररूमची खिडकी. तिथे हवा खेळती असते, यंत्र थंड राहतं. त्या खिडकीतून शेखरची गॅलरी दिसते, हा योगायोग. बूढ़ापाऱ्यातली आमची गल्लीच अशी की त्याच्या गॅलरीत कपडे झटकले तर थेंब आमच्याकडे येतात.
सहाही अँटेना त्याच दिशेला जरा कलत्या ठेवल्या. छान दिसतात. शेखर कपडे वाळत घालायला आला, तेव्हा मी खोकलो. त्याने वर पाहिलं नाही. मुद्दाम.

११ जानेवारी, रविवार
यंत्र उत्तम. घर चुकीचं आहे. जुन्या भिंती दीड हात जाड, हॉलमध्ये सिग्नल पोचत नाही. स्टोअररूममध्ये मात्र फुल. मी तिथे उभा राहून अनुश्रीशी चार मिनिटं बोललो, एकदाही अटकली नाही. मग ती म्हणाली, आईला द्या.
आईचं म्हणणं, "अहो, तांदळाच्या ड्रमवर बसून बोलू काय मी पोरीशी? बीचमध्ये ठेवा म्हणते तर ऐकून नाही राहिले तुम्ही." आणि चपला घातल्या.
परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन. पुढच्या रविवारी अकरा वाजता अनुश्री कोणाची तरी ओळख करून देणार आहे. भार्गव. तिच्याच ऑफिसात.
विचारलं, शेखरला कळलं काय? तर म्हणे तो बाजूलाच बसून होता, मटार सोलत.
माझ्या पोरीचं लग्न ठरून राहिलं आणि तो मटार सोलून राहिला.

१४ जानेवारी, बुधवार
गल्लीत नळासाठी खोदकाम. शेखरची नेटची केबल तुटली! आठ दिवस लागतील म्हणतात.
मला आनंद झालेला नाही. तिळाचे लाडू पाच खाल्ले, पण ते संक्रांत म्हणून.
आता येऊ दे त्याला माझ्या दारात. मी चहा देईन. मनाने मी मोठा आहे.

१७ जानेवारी, शनिवार
तो आला नाही. भार्गवसाठी प्रश्न काढले, सतरा. स्टोअररूम झाडली, ड्रम हलवला, दोन खुर्च्या लावल्या. उद्या जावई मला पाहील, फक्त मला.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी
इस्त्रीचा शर्ट घालून पावणेअकराला खुर्चीत बसलो. अकरा दहा झाले. मंदाकिनी नाही, फोन नाही. मग खिडकीतून हसण्याचा आवाज आला. शेखरच्या हॉलमधून.
धावत गेलो. मंदाकिनीने बुधवारीच शेखरला आपला पासवर्ड देऊन टाकला होता. त्याच्या सोफ्यावर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या, फुकट. मधोमध शेखर, एका बाजूला त्याची पूर्णिमा, दुसऱ्या बाजूला माझी बायको. पडद्यावर एक चश्मेवाला पोट्टा हात जोडून शेखरला म्हणत होता, "नमस्कार बाबा."
अनुश्री पटकन म्हणाली, अरे, ते शेखर काका. बाबा मागे उभे आहेत, दारात.
शेखर ताडकन उठला. मला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं, वर पोट्ट्याला सांगितलं की बेटा, हे नेट पण यांचंच आहे. पोट्टा अदबीने हसला. त्याला पटलं नाही.
मग त्याने अडखळत, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत विचारलं. तुमची परवानगी असेल तर. अनुश्री माझ्याकडे बघत होती. आधी वाटलं पुन्हा अटकली, पण नाही, पापण्या हलत होत्या. ती वाट पाहून राहिली होती.
प्रश्नांचा कागद खिशात होता. तो काढलाच नाही. मान डोलावून फक्त "हव" म्हणालो.
आवाज एकदम स्पष्ट गेला, असं शेखर म्हणाला.