सरकारी गोळी सौम्य असते

७ जानेवारी
आजही अच्युत दिवसभर झोपून. धुकं दुपारपर्यंत हटलं नाही. घरात आवाज फक्त माझा — तोही मीच माझ्याशी काढलेला. दोन घास भरवले, तिसऱ्याला त्याने ओठ मिटले.
विसरायला तो दोन वर्षांपूर्वीच लागला. पण बोलायचा तरी! जोरहाटच्या फौजी मेसमधले किस्से पुन्हापुन्हा सांगायचा, मी चिडायचे. दिवाळीत बाथरूममध्ये घसरला, कंबर दुखावली, आणि त्यानंतर हळूहळू शब्दच बंद झाले.

९ जानेवारी
त्याची सर्दी हटत नाही. मार्केटमधून आणलेली सर्दीची गोळी दिवसातून तीनदा चालूच ठेवली.

१० जानेवारी
मंजिरीचा व्हिडिओ कॉल. "मम्मा, पापा को पेनकिलर कितनी दे रही हो?"
म्हटलं, दोन-दोन, तीन वेळा.
"दो-दो? डॉक्टर ने बोला?"
"डॉक्टरांनी एकेक लिहिलीय. पण फौजींच्या सरकारी पॉलिक्लिनिकची आहे गं, सौम्य असते."
"ये किसने कहा?"
कुणी म्हटलं? जोरहाटला शेजारची वीणा म्हणायची. तिला आणखी कुणी सांगितलं असेल. आम्ही सगळ्याच फौजी बायका हेच धरून चालायचो — सरकारी गोळी सौम्य, एकीच्या जागी दोन द्यायच्या. प्रत्येक पोस्टिंगला नवं घर, नव्या शेजारणी, समज तोच!
"मम्मा प्लीज, चेक करो," म्हणाली लेक.

११ जानेवारी
भिंग घेऊन खिडकीत बसले. पॉलिक्लिनिकची स्ट्रिप — पॅरासिटामॉल, साडेसहाशे मिलिग्रॅम. बाजारात मिळते तेवढीच. सर्दीची गोळी उलटी केली — तिच्यातही पॅरासिटामॉल! पाचशे.
बेरीज केली. दिवसाला पाच ग्रॅमच्या वर.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला बिस्किटाच्या डब्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचायला लावायच्या. हे मात्र मी कधी वाचलं नाही.

१२ जानेवारी
त्याला दाखवून आणलं. तरुण डॉक्टर, पण ओरडला नाही. "मॅडम, सरकारी हो या बाजार की, मिलिग्राम तो मिलिग्राम है." धडधाकट माणसालाही दिवसात चार ग्रॅमच्या पुढे नाही. अच्युत इतका वाळलाय, त्याला दोनच ग्रॅम, तेही सर्दीची गोळी बंद करून. लिव्हर बिघडलं तर माणूस असाच पडून राहतो, भूक मरते म्हणे. रक्त घेतलं. सुई टोचली तेव्हा अच्युतने माझा हात धरला — की मीच त्याचा धरला होता?

१३ जानेवारी
लोहडी. समोर शेकोटी पेटली, समोरच्या घरातली जसबीर रेवड्या देऊन गेली. "भाईसाब नू वी खवाओ जी!" ढोल वाजला आणि अच्युतने मान वळवली. वळवली! मी पाहिलं.
गोळ्या कमी झाल्यात ना! गोळ्यांनीच हे केलं असेल तर उतरेलही. मग पुन्हा मेसचे किस्से. या वेळी नाही चिडणार. त्याचा ब्लेझर गच्चीत उन्हाला टाकला.

१५ जानेवारी
रिपोर्ट आला. लिव्हर अगदी व्यवस्थित. "बधाई हो मॅडम, गोलियों से कुछ नहीं बिगडा. ये तो भूलने की बीमारी ही आगे बढी है."
तीन दिवस मी देवाजवळ मागत होते — माझीच चूक निघू दे.