आपल्या गावच्या नाटकाचं पोस्टर

प्रिय आई,

आज ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यंदाच्या नाटकाचं पोस्टर लागलं. ते मी केलंय. ही बातमी सगळ्यात आधी तुलाच द्यायची होती, पण तू फोन लागणार नाही अशा ठिकाणी जाऊन बसलीस. म्हणून हे पत्र.

धान निघालं की गावात नाटक ठरायचं. वडशाहून नाटक कंपनी यायची आणि घराघरांत पाव्हणे. नाटक हे निमित्त, खरं काम सोयरिकी जुळवायचं. मी नागपूरला ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा आत्यानं नाटकाच्या दिवशीच माझ्यासाठी स्थळ आणलं, आठवतं? वर पाव्हण्यांसमोर तुलाच विचारलं, "चित्रं काढून कोणाचं पोट भरते, वयनी?"

तू भाजी वाढता वाढता म्हणालीस, "तिचं भरन. पोरगी शिकून राह्यली अजून, तिचं झाल्यावर पाहू." आणि पाव्हण्यांना आणखी भात वाढलास.

पण मी काय शिकते, हे तू कधी नीट ऐकून घेतलंस का गं? मी अक्षरांबद्दल, रंगांबद्दल सांगत सुटायचे आणि तू मध्येच विचारायचीस, "जेवली का?"

तर आता ऐक. माझ्यासोबत शिकलेली एक मुलांची पुस्तकं सजवते. एक जण मोबाईलचे ॲप कसे दिसावेत ते ठरवतो, तर एकानं केलेले बिस्किटांचे पुडे देशभर विकले जातात. मी दवाखान्यांच्या पाट्या करते. परवा सिरोंच्याकडची एक गर्भार बाई आली, तेलुगूशिवाय काही येत नव्हतं तिला. माझ्या पाट्यांवरची चित्रं बघत बघत ती कोणालाही न विचारता बाळंतपणाच्या खोलीशी पोचली. मी तिथेच उभी होते. इतका आनंद झाला की काय सांगू!

गावचं पोस्टर मात्र त्याहून अवघड निघालं. गावात नाटक आणणाऱ्या मंडळाचे नामदेवभाऊ अडून बसले. मंडळातल्या झाडून सगळ्यांचे फोटो हवेतच. "फोटो नाई त गावाले कसं समजन, नाटक कोण आणून राह्यलं?"

"मग नाटकाचं नाव कुठे लिहू भाऊ, मागच्या बाजूला?" मी म्हटलं. ते हसले, पण हटले नाहीत.

आई, तू जन्मात कधी नाटकाचा पहिला अंक पाहिला नाहीस. पाव्हण्यांची पंगत उठेपर्यंत दुसरा सुरू झालेला असायचा. मी चित्र त्याच पहिल्या अंकाचं काढलं होतं. रंगमंचावरून समोर पाहिलं की पहिल्या रांगेत चटईवर एक बाई बसलीय. हिरवं लुगडं, पदर खोचलेला, हातात अजून भाताची पळी. डोळे नाटकावर. मी ते नामदेवभाऊंसमोर ठेवलं.

त्यांनी ते उचलून डोळ्यांजवळ धरलं. "हे त आपली शेवंताबाई हाय."

"हो."

"हिच्या हातचं जेवूनच जात होतो आमी नाटकाले." मग मंडळींकडे वळून म्हणाले, "फोटो राहू द्या."

जिंकलो आपण, आई.

सकाळपासून आत्या पोस्टरसमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, "आमच्याच घरची पोरगी." मला बाजूला घेऊन विचारलं, "माह्या नातीले या कोर्साले कुठी टाकाचं वो?" मी कॉलेजचं नाव सांगितलं, वर विचारलं, "पोट भरन ना, आत्या?" तिनं पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच हसायला लागली.

उद्या नाटक. स्वयंपाक करून झाकून ठेवणार आहे, पाव्हणे घेतील वाढून. पडदा उघडेल तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन, तुझी रिकामी चटई शेजारी अंथरून. आता आपल्या घरातली कुठलीच बाई पहिला अंक चुकवणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
पोट भरलेली मंदा